गुठळी विरघळली, मग नागपूरला कशाला? स्वयंपाकघरात फुगा बनवणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला नावाचं गाव आहे. मॉइल कंपनीच्या मॅंगनीजच्या खाणीमुळे हे नाव विदर्भाबाहेरही माहिती असतं. आता समजा, इथल्याच एका पन्नाशीच्या माणसाच्या छातीत पहाटे कळ उठली. घाम फुटला, डावा हात जड झाला. घरच्यांनी गाडी काढली आणि जवळचा दवाखाना गाठला. ईसीजीत हार्ट अटॅक दिसला. डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात कळ ओसरली. माणूस उठून बसला, चहा मागायला लागला.

आणि डॉक्टर म्हणतात, यांना आता नागपूरला न्या. अँजिओग्राफी करावी लागेल, बहुतेक अँजिओप्लास्टीही.

इथून घरात वाद सुरू होतो. आता बरं वाटतंय ना? गुठळी विरघळली असं डॉक्टरच सांगतायत ना? मग शंभरेक किलोमीटर जाऊन पुन्हा नसांमध्ये तार घालायची कशाला? धान कापायला आलंय, दिवाळी तोंडावर आहे, नंतर बघू. असं म्हणून घरी परतणारी माणसं फक्त चिखल्यात नाहीत, महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील.

या प्रश्नाचं उत्तर एका जर्मन डॉक्टरच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव आंद्रेयास ग्रुंट्झिग. आज कॅथलॅबमध्ये जो फुगा वापरून हृदयाची नस उघडतात, तो फुगा या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवला होता. पण त्याच्याकडे जाण्याआधी अटॅकच्या वेळी नसेत नेमकं काय होतं ते बघू.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नसा तीनेक मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. कधी तरी या थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्त गोठतं आणि गुठळी होते. उरलीसुरली वाट ती बंद करते. याला आपण अटॅक म्हणतो.

म्हणजे अडथळे दोन. एक काही मिनिटांत तयार झालेली गुठळी, दुसरा कित्येक वर्षं साचलेला थर. इंजेक्शन गुठळी विरघळवतं. थराला ते काही करत नाही. खाणीत काम केलेल्या माणसाला हे पटकन कळेल. बोगद्याचं छत ढासळलं, मलबा उपसला, वाट मोकळी झाली. पण कमजोर छत अजून तसंच डोक्यावर आहे. तिथे टेकू लावल्याशिवाय कुणी शहाणा माणूस पुढची पाळी आत पाठवणार नाही.

ग्रुंट्झिगने आयुष्यभर काम केलं ते या छतावर.

त्याचा जन्म २५ जून १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. दोन-सव्वादोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील युद्धात गेले ते परतलेच नाहीत. आंद्रेयास आणि त्याचा भाऊ योहानेस, दोघांना आईने वाढवलं. १९५० मध्ये हे कुटुंब थेट अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला गेलं, पण दोनच वर्षांत परतलं आणि पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये राहू लागलं. तिथलं शालेय शिक्षण संपवून आंद्रेयास पश्चिम जर्मनीत आला. बर्लिनची भिंत अजून उभी राहायची होती. १९५८ साली त्याने हायडेलबर्गला मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९६४ मध्ये तो डॉक्टर झाला.

योगायोग बघा, त्याच १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टकडे ८२ वर्षांची एक आजी आली होती. पायाची नस अरुंद झाल्यामुळे बोटं काळी पडत होती. सर्जन पाय कापायचा म्हणत होते आणि आजी काही केल्या तयार नव्हती. डॉटरने त्या नसेत एक बारीक नळी घातली, मग तिच्यावरून आणखी जाड नळी, आणि वाट रुंद केली. पाय वाचला. आजी पुढे दोन-अडीच वर्षं, म्हणजे अखेरपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालली.

अमेरिकेतल्या सर्जन मंडळींना हा प्रकार भंगारवाल्याचा उद्योग वाटला. युरोपातल्या काही डॉक्टरांनी मात्र तो मनावर घेतला. एबरहार्ड झाइटलर हे त्यांतले एक, आणि ग्रुंट्झिग ही पद्धत शिकला ती त्यांच्याकडून.

१९६९ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये, झ्युरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाला. पायांच्या नसांवर डॉटरची पद्धत वापरताना एक गोष्ट त्याला सतत खटकत होती. जाड नळी आत ढकलायची म्हणजे जिथून ती शिरते तिथलं छिद्रही तेवढंच मोठं लागतं. शिवाय ढकलताना चरबीचे तुकडे सुटून पुढे जाऊन अडकायची भीती. आत जाताना बारीक असेल आणि जागेवर पोहोचल्यावर फुगेल, असं काही मिळालं तर?

उत्तर सोपं वाटतं, फुगा! पण साधा रबरी फुगा इथे उपयोगाचा नाही. तो जिथे मोकळी जागा मिळेल तिकडे फुगतो आणि कडक जागेवर तसाच आवळलेला राहतो. सायकलच्या ट्यूबला एखाद्या ठिकाणी दोरी बांधून हवा भरा, म्हणजे लक्षात येईल. दोरीच्या दोन्ही बाजूंना ट्यूब टम्म होईल, पण दोरीखाली काही फुगणार नाही. ग्रुंट्झिगला हवा होता ठरलेल्या मापाचा आणि सरळ नळीसारखा फुगा, जो त्या मापापर्यंत जोर लावून फुगेल आणि त्यापुढे तसूभरही नाही.

असा फुगा बाजारात नव्हता. रुग्णालयाची प्रयोगशाळा दिवसा मिळणं कठीण. मग संध्याकाळी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम सुरू झालं. त्याची सहकारी मारिया श्लुम्फ, तिचा नवरा आणि ग्रुंट्झिगची पत्नी मिखाएला, अशी ही टीम. चाकू, गोंद, धागे, प्लास्टिकच्या नळ्या. नळी तापवायची, हवा भरायची, फुटली की दुसरी घ्यायची. असं जवळपास दोन वर्षं चाललं. शेवटी झ्युरिचमधले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हाइनरिश होप्फ यांनी त्याला पीव्हीसीची वाट दाखवली. हो, तेच पीव्हीसी, ज्याचे पाइप आपल्या शेतात आणि बाथरूममध्ये असतात. त्याची पातळ नळी तापवून दाबाखाली साच्यात फुगवली की मापात राहणारा फुगा तयार होत होता.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी ग्रुंट्झिगने हा फुगा पहिल्यांदा माणसाच्या पायाच्या नसेत फुगवला. प्रयोग जमला. पुढचं वर्ष दोन मार्गांची नळी बनवण्यात गेलं, एका मार्गाने फुगा फुगवायचा आणि दुसऱ्याने आतला दाब मोजायचा. आता त्याची नजर हृदयाकडे होती.

पाय आणि हृदय यांत मोठा फरक आहे. पायाची नस काही मिनिटं बंद राहिली तर फारसं बिघडत नाही. हृदयाच्या नसेत फुगा फुगवायचा म्हणजे तेवढा वेळ आपणच रक्त अडवायचं, म्हणजे एका अर्थाने आपणच छोटा अटॅक आणायचा. माणूस टेबलावर दगावला तर? म्हणून आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. १९७६ मध्ये अमेरिकेत मायामीच्या परिषदेत त्याने त्या प्रयोगांचं पोस्टर लावलं. बहुतेक जण एक नजर टाकून पुढे गेले. अटलांटाचे स्पेन्सर किंग यांनीही ते पाहिलं आणि हे काही चालणार नाही असं त्यांना वाटलं. पुढे याच किंग यांच्या विद्यापीठात ग्रुंट्झिग कामाला गेला, ते येईलच.

तो दिवस उजाडला १६ सप्टेंबर १९७७ ला. झ्युरिचमध्ये ३८ वर्षांचा एक विमा एजंट छातीत दुखतं म्हणून दाखल होता. हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेत एकच, आखूड पण भरपूर अरुंद असं ब्लॉकेज. बायपास ठरलेलीच होती. ग्रुंट्झिगने त्याच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला, हे आजवर कुणावरही झालेलं नाही हेही सांगितलं. छाती उघडून घेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून तो तयार झाला.

रुग्णालयाचे हृदयशल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी या प्रयोगाला परवानगी दिली. हे सेनिंग म्हणजे १९५८ मध्ये माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवणारे सर्जन. फुगा यशस्वी झाला तर आपल्याकडे येणारे रुग्ण कमी होतील हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं, काही बिघडलं तर लगेच छाती उघडता यावी म्हणून. मला स्वतःला या गोष्टीत ग्रुंट्झिगइतकेच सेनिंगही मोठे वाटतात.

रुग्ण पूर्ण जागा होता. नळी मांडीतून वर सरकली, फुगा ब्लॉकेजमध्ये पोहोचला, दोनदा फुगवला गेला. बघणाऱ्यांनी श्वास रोखले होते. ज्याची धास्ती होती तसं काहीच झालं नाही. ब्लॉकेजच्या पलीकडचा दाब वाढला आणि नस उघडली. छातीला चीर न देता.

दोन महिन्यांनी मायामी बीचच्या परिषदेत त्याने पहिल्या चार रुग्णांची माहिती दिली, तेव्हा भाषण संपायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. वर्षभरापूर्वी पोस्टरसमोरून निघून जाणारेच हे लोक.

इथे ग्रुंट्झिगची एक सवय सांगायला हवी. तो स्वतःची फजितीही छापायचा. १९७९ मध्ये त्याने पहिल्या ५० रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध केला आणि त्यात स्वच्छ लिहिलं की ३२ जणांमध्येच यश आलं, काहींना तातडीने बायपासला न्यावं लागलं. उघडलेल्या नसा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होतात हेही त्याने लपवलं नाही. झ्युरिचमध्ये तो रुग्णांवर काम करताना बाहेर जमलेल्या डॉक्टरांना टीव्हीच्या पडद्यावर सगळं थेट दाखवायचा. बिघडलं तर तेही सगळ्यांसमोर. कुणाकुणाला फुगा वापरायचा याबाबत तर तो इतका काटेकोर होता की उतावीळ डॉक्टरांचे आणि त्याचे खटके उडायचे.

झ्युरिचमध्ये खाटा कमी पडू लागल्या. १९८० मध्ये तो अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला, स्पेन्सर किंग यांच्याकडे. तिथे जगभरातून डॉक्टर शिकायला येऊ लागले. चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल त्यांपैकी एक. त्यांनी १९८६ मध्ये भारतातली पहिली अँजिओप्लास्टी केली.

आता इंजेक्शनकडे वळू, कारण तोवर त्याची गोष्ट वेगळ्याच रस्त्याने चालली होती. १९३३ मध्ये विल्यम टिलेट या अमेरिकन डॉक्टरच्या लक्षात आलं होतं की घशात संसर्ग करणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू असं काही सोडतात, ज्याने गोठलेलं रक्त विरघळतं. त्यातूनच स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आलं. पण अटॅकमध्ये आधी गुठळी होते की स्नायू मेल्यावर ती नंतर तयार होते, यावर डॉक्टरांमध्येच अनेक वर्षं वाद होता. १९७९ मध्ये जर्मनीत पेटर रेंट्रोप यांनी हृदयाच्या नसेत थेट स्ट्रेप्टोकायनेज सोडून बंद वाट उघडून दाखवली. १९८० मध्ये अमेरिकेत मार्कस डीवुड यांनी अटॅकनंतर पहिल्या चार तासांत आलेल्या रुग्णांच्या अँजिओग्राफी केल्या, तेव्हा १२६ पैकी ११० जणांची नस पूर्ण बंद निघाली. वाद मिटला.

गुठळी विरघळल्यावर घेतलेल्या चित्रांमध्ये मात्र डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसू लागली. रक्त वाहतंय, पण त्याच जागी नस चिमटीत पकडल्यासारखी अरुंद आहे. ग्रुंट्झिग ज्याच्यामागे लागला होता तोच थर, तसाच्या तसा. वर फाटलेला, खरखरीत पापुद्रा, म्हणजे नव्या गुठळीला आयती जागा. पुढे नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, इंजेक्शनने उघडलेल्या नसा तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा चारांतल्या एकाहून अधिक जणांची नस परत बंद झालेली होती. कित्येकांना ते कळलंही नव्हतं.

मग सरळ उपाय सुचला. इंजेक्शनने गुठळी काढा आणि लगेच फुग्याने नस रुंद करा. जर्मनीत युर्गन मायर यांनी १९८२ पर्यंत असं करूनही दाखवलं होतं. कागदावर यापेक्षा चांगली जोडी कुठली?

या जोडीचा निकाल बघायला ग्रुंट्झिग राहिला नाही. त्याला विमान चालवायचं वेड होतं, स्वतःचं दोन इंजिनांचं छोटं विमान होतं. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या घरून अटलांटाला परतताना खराब हवामानात ते कोसळलं. सोबत त्याची दुसरी पत्नी मार्गारेट ॲन होती, तीही डॉक्टर. दोघंही गेले. तो ४६ वर्षांचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत चार्ल्स डॉटर गेले होते. हृदयाच्या नसांची अँजिओग्राफी ज्यांनी सुरू केली ते मेसन सोन्स आणि ज्यांनी ती सोपी केली ते मेल्विन जडकिन्स, हेही १९८५ मध्येच गेले. एका वर्षात या विषयाची पहिली पिढीच संपली.

१९७७ च्या त्या विमा एजंटने दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, अटलांटाला येऊन पुन्हा अँजिओग्राफी करून घेतली. ग्रुंट्झिगने उघडलेली नस उघडीच होती.

इकडे १९८६ मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने सिद्ध केलं की स्ट्रेप्टोकायनेजने जीव वाचतात, आणि जितकं लवकर द्याल तितके जास्त. फुगा आणि इंजेक्शन यांच्या जोडीचा निकाल मात्र उलटा लागला. १९८७-८८ मध्ये अमेरिका आणि युरोपात तीन मोठ्या चाचण्या झाल्या. इंजेक्शन दिल्या दिल्या लगेच फुगा वापरलेल्यांना काही फायदा झाला नाही. उलट रक्तस्राव आणि गुंतागुंत वाढली. कारण आता कळतं. इंजेक्शनचा अंमल असताना शरीरात कुठेही रक्त सहज थांबत नाही, त्यात फुग्याने ताजी जखम आणखी उसवते, आणि ती उसवलेली भिंत धरून ठेवायला तेव्हा काही नव्हतं.

मग बरीच वर्षं डॉक्टर इंजेक्शन देऊन थांबायचे. पुन्हा दुखलं तर बघू, असं. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना अटॅकनंतर महिनाभर नुसतं पडून राहिलेले काका-मामा आठवत असतील.

चित्र पालटलं ते स्टेंटमुळे. फुग्याने उघडलेल्या जागी बसवायची ही धातूची जाळी, म्हणजे खाणीतला टेकूच. माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तूलूझ इथे बसला. जाता जाता एक गंमत. सुरुवातीचे स्टेंट ज्या स्टेनलेस स्टीलचे असत, त्यात थोडं मॅंगनीजही असतं. चिखल्याच्या जमिनीतून निघतं तेच.

स्टेंट आले, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुधारल्या, इंजेक्शनही सुधारलं. आज बऱ्याच ठिकाणी टेनेक्टेप्लेज देतात, वजनानुसार एकच डोस, काही सेकंदांत. मग जुना प्रश्न नव्याने तपासला गेला. २००९ मध्ये कॅनडातल्या हजारावर रुग्णांच्या अभ्यासात, इंजेक्शननंतर सहा तासांच्या आत अँजिओप्लास्टीसाठी पाठवलेल्यांना पुन्हा अटॅक येण्यासारखे त्रास कमी झाले. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही तेच दिसलं. यातून आजचा नियम आला. इंजेक्शन यशस्वी झालं असेल, तर साधारण २ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करायची आणि गरज असेल तर स्टेंट बसवायचा. तासाभरात-दीड तासात कळ थांबली नाही किंवा ईसीजी सुधारला नाही, तर वाट न बघता लगेच कॅथलॅब गाठायची.

आता चिखल्याचा हिशोब मांडा. अटॅकमध्ये सगळ्यात चांगला उपाय म्हणजे इंजेक्शनशिवाय थेट अँजिओप्लास्टी, पण ती दोन तासांच्या आत व्हायला हवी. रस्त्यालाच दोन तास जात असतील, तर आधी जवळ इंजेक्शन आणि मग मोठं शहर, हाच शहाणपणाचा रस्ता. गावाकडच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन नागपूरला पाठवलं म्हणजे त्याने हात झटकले असं नाही. त्याने अर्धं काम वेळेत केलंय आणि उरलेलं अर्धं चोवीस तासांत व्हायचंय.

सगळ्यांनाच स्टेंट लागतो असंही नाही. काही वेळा गुठळी गेल्यावर खालचा थर किरकोळ निघतो आणि गोळ्यांवर भागतं. कुणाला दोन-तीन नसांमध्ये ब्लॉकेज सापडतात आणि बायपास करावी लागते. पण यांतलं काय आहे ते अँजिओग्राफीशिवाय कळत नाही. बरं वाटतंय यावरून तर अजिबातच नाही, कारण अर्ध्याहून अधिक अरुंद झालेली नसही बसल्या जागी कसलाच त्रास देत नाही.

खर्चाची भीती खरी आहे. पण २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधी स्टेंटची कमाल किंमत ३० हजारांच्या आत आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. त्यामुळे निघतानाच रेशन कार्ड आणि आधार कार्ड पिशवीत टाका आणि योजनेत असलेलं हॉस्पिटल कोणतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

पिशवीत आणखी तीन गोष्टी हव्यात. इंजेक्शनच्या आधीचा आणि नंतरचा ईसीजी, कोणतं इंजेक्शन दिलं त्याची चिठ्ठी, आणि ते किती वाजता दिलं ती वेळ. नागपूरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा त्या वेळेबद्दलच असेल, कारण २ ते २४ तासांचं घड्याळ तिथून सुरू झालेलं असतं.